लाटसाहेबांचा चहा

आमच्या सोसायटीत झेंडावंदनानंतरचा चहा कायम कोमट प्यावा लागायचा आणि त्याला एकच माणूस जबाबदार होता. सातव्या मजल्यावरचे गोविंदराव साखवळकर. एकेकाळी ते उत्तरेकडच्या एका डोंगराळ राज्याचे राज्यपाल होते. पद जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती, पण त्यांच्या बसण्या-उठण्यातून ते गेलं नव्हतं. नेरूळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागे 'लाटसाहेब' म्हणायचे. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. मी तोंडावरही लाटसाहेबच म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं.

राजभवनातला रिवाज असा, की चहाचे ट्रे फिरले तरी राज्यपालांनी कप उचलेपर्यंत पाहुण्यांनी कपाला हात लावायचा नाही. राज्यपाल कप उचलतात, एकवार सगळ्यांकडे बघतात, 'लीजिए' म्हणतात आणि मग बाकीचे पितात. ते राहायला आले त्या वर्षी हे आम्हाला कुणाला ठाऊक! सव्वीस जानेवारीला झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, चहा-सामोसे आले आणि सगळे तुटून पडले. लाटसाहेब मधल्या खुर्चीत कप समोर ठेवून ताठ बसून होते. आमचे सेक्रेटरी पाटील जवळ गेले. "साहेब, च्या घ्या ना, थंड होतोय." लाटसाहेबांनी सगळीकडे एक नजर टाकली. "सर्वांचा झालेला दिसतो," म्हणाले आणि उठून लिफ्टकडे चालू लागले.

पाटलांना कुणीतरी मागाहून रिवाज समजावून सांगितला. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच माइकवरून बजावलं, "साहेबांनी घेतल्याबिगर कोनी कपाला हात लावायचा नाय." पण मला जिन्यात गाठून म्हणाले, "ताई, ही बिल्डिंग आमच्या बापाच्या भातशेतीवर उभी हाय. आन् आता आमीच च्या प्यायला याच्याकडं बघत बसायचं!" राग खरा होता. तरी पाटील दर वर्षी माइकवरून बजावत राहिले, कारण लाटसाहेबांनी कप उचलून 'घ्या' म्हटलं की आपल्यालाही उगाच राजभवनात बसल्यासारखं वाटायचं.

त्यांची माझी गट्टी जमली ती मात्र वैरावरून. माझे यजमान गेले आणि त्यांना अजून घरातून हलवलंही नव्हतं, तेव्हा थोरल्या दिरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की फ्लॅट कुणाच्या नावावर आहे. त्या दिवसापासून मी त्यांचा उंबरा ओलांडलेला नाही. पुतण्याच्या लग्नालाही गेले नाही. हे मी एकदा लिफ्टमध्ये एका बाईंना सांगत होते आणि त्या मला 'झालं गेलं विसरावं' वगैरे ऐकवत होत्या. ज्यांचं काही गेलेलं नसतं, त्यांना हे फार सुचतं. लाटसाहेब कोपऱ्यात काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. बाई उतरल्यावर मला म्हणाले, "लग्नाला गेला नाहीत, उत्तम केलंत. संध्याकाळी चहाला येत जा."

मग मी जाऊ लागले. दिवाणखान्यात दोनच मोठ्या खुर्च्या, मध्ये टेबल, भिंतीवर सुमतीबाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोटो. स्वयंपाकाला जवळच्या सारसोळे गावातली वनिता होती. ती त्यांना मुळीच घाबरायची नाही. बाहेर जाताना उन्हाळा असो की पावसाळा, लाटसाहेब बंद गळ्याचा कोट घालायचे. लिफ्टसमोर उभे राहायचे, पण बटण दाबायचे नाहीत. कुणीतरी येईल, दाबेल, अशी वाट बघायचे. एकदा बराच वेळ कुणी आलं नाही, तर फिरणं रद्द करून घरी परतले. वनिता म्हणाली, "सायेब, बोट झिजतं काय?" तर म्हणाले, "बोट नाही झिजत, सवय झिजते."

त्यांचा खरा उद्योग टेलिफोनवर चालायचा. देशभरात त्यांच्या काळचे जे माजी राज्यपाल अजून हयात होते, त्यांना ते वाढदिवसाला फोन करायचे. कुणी लखनौला, कुणी चेन्नईला, एक बाई गुवाहाटीला. नमस्कार-चमत्कार नाही. पलीकडून फोन उचलला की पहिला प्रश्न, "अजून आहात ना?" मग दोन्हीकडून खो खो हसणं. मला म्हणाले होते, "सरकारला आमची आठवण दोनदाच येते. नेमताना आणि शोकसंदेश पाठवताना. मधल्या काळात आम्ही आहोत की नाही, हे कुणी विचारत नाही. म्हणून आम्हीच एकमेकांना विचारतो." त्यातला कुणी गेला की त्या दिवशी ते फार बोलत नसत, पण फिरायला दुप्पट जात. पाम बीच रोडच्या अलीकडे खाडीचं पाणी अडवलेलं तळं आहे, त्याच्या कडेनं. फ्लेमिंगो बघायला लोक लांबून येतात. हे त्या पक्ष्यांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मोजून पावलं टाकायची, मोजून श्वास घ्यायचा, घरी येऊन कोमट पाणी प्यायचं. नव्वदी उलटलेला माणूस एखाद्या परीक्षेला बसल्यासारखा जगत होता.

आणि साखर नाही. साखरेशिवाय चहा, साखरेशिवाय दूध, श्रीखंड समोर आलं तर वाटी सरकवून द्यायची. मला वाटायचं मधुमेह असेल. वनितानं सांगितलं, "कुटं काय! रिपोर्ट चोख हायेत. आन् ताय, ह्ये पयले काय गोड खायाचे म्हायत हाय? त्येंची लेक मीनलताय सांगते, च्यामदी दोन चमचे साखर, वर गुळाचा खडा."

मी सरळ विचारलं. लाटसाहेबांनी कप खाली ठेवला.

"त्या गृहस्थाला मधुमेह आहे," ते म्हणाले. "तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. मला त्याच्यानंतर जायचं आहे. मग मला साखर कशी परवडेल?"

'तो गृहस्थ' म्हणजे त्या डोंगराळ राज्याचा तेव्हाचा मुख्यमंत्री. त्याचं नाव लाटसाहेबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्याच्याबद्दलची एक गोष्ट मात्र ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगायचे. सुमतीबाई राजभवनात असताना एकाएकी आजारी पडल्या आणि त्याच दिवशी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्यमंत्री भेटायला आला. सुमतीबाईंना अजून आतल्या खोलीतच ठेवलेलं. राजभवनातला नोकरवर्ग नेहमीच्या शिस्तीनं चहा घेऊन आला. लाटसाहेबांनी कपाकडे बघितलंही नाही. मुख्यमंत्र्यानं कप उचलला, फुंकर घातली आणि प्यायला.

"माझी बायको आत होती," ते सांगायचे, "आणि हा मनुष्य माझ्याआधी चहा प्यायला."

ऐकणारे चुकचुकायचे, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं, की एवढ्यासाठी वीस वर्षं? पाटील तर मला म्हणाले होते, "सकाळच्या पारी लांबून आला आसंल बिचारा. एक कप च्या तर प्यायला."

मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग एकदा संध्याकाळी आम्ही बाल्कनीत बसलो असताना उलव्याच्या नव्या विमानतळाच्या बाजूनं एक हेलिकॉप्टर आलं. ते आलं की लाटसाहेब नेहमी बोलणं अर्धवट टाकून आत जायचे. मला वाटायचं आवाज सहन होत नसेल. त्या दिवशी गुडघा दुखत होता, पटकन उठता आलं नाही. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि ते लांब जाईपर्यंत डोळे मिटून बसले. मग ते जे बोलले, ते त्यांनी त्यांच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं.

सुमतीबाईंना दुपारी एकाएकी मेंदूत रक्तस्राव झाला. मोठं हॉस्पिटल खाली सपाटीवरच्या शहरात, मध्ये तासन् तास घाट. राज्य सरकारचं एक हेलिकॉप्टर होतं. राजभवनातून मुख्यमंत्र्यांकडे निरोप गेला. उत्तर आलं, हेलिकॉप्टर नादुरुस्त आहे. त्याच आठवड्यात लाटसाहेबांनी मुख्यमंत्र्याचं एक लाडकं विधेयक सही न करता परत पाठवलं होतं, पण अशा वेळी ते कुणाच्या ध्यानात येणार! सुमतीबाईंना गाडीत घातलं. डोकं लाटसाहेबांच्या मांडीवर. अर्धा घाट उतरला असेल-नसेल, तोच डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. मुख्यमंत्री खाली प्रचारसभेला निघाला होता.

"सुमतीनं डोळे उघडले," लाटसाहेब म्हणाले. "तिला वाटलं, आपल्यासाठी आलंय. म्हणाली, आलं का हो? मी म्हटलं, आलं हं. मग पुढच्या वळणावर ती गेली."

मग म्हणाले, "हे लोकांना सांगता येत नाही. चहाचं सांगता येतं."

त्यानंतर त्या मुख्यमंत्र्याबद्दल मलाही इतका राग बसला, की टीव्हीवर त्याच्या राज्याचं नाव आलं तरी मी चॅनेल बदलायचे. दिल्लीत सरकार बदललं तेव्हा लाटसाहेबांना मुदत संपायच्या आत घरी बसवलं होतं, हा गृहस्थ मात्र पुढे कितीतरी वर्षं निवडून येत राहिला. देवाच्या घरी न्याय असतो म्हणणाऱ्यांना मी त्याचा फोटो दाखवला असता.

मग तो आजारी पडला आणि उपचारांसाठी आला कुठे, तर आमच्या नवी मुंबईत. त्याच्या मुलानं मीनलला फोन केला. मीनल म्हणजे लाटसाहेबांची एकुलती एक मुलगी, ऐरोलीला कंपनीत मोठ्या जागेवर आहे. तिनंच वडिलांना हा फ्लॅट घेऊन दिला होता. ती शनिवारी आली ती बॅग खांद्यावरून न उतरवताच बोलायला लागली.

"बाबा, त्यांना एकदा भेटायचंय तुम्हाला. डॉक्टरांनी हात टेकलेत. प्लीज हो म्हणा."

"का भेटायचंय?"

"सॉरी म्हणायचंय, दुसरं काय! बाबा, एका चहावरून किती वर्षं टेन्शन घेऊन जगणार तुम्ही? आईलासुद्धा हे आवडलं नसतं. सोडून द्या ना आता."

"मी टेन्शन घेत नाही. मी वाट बघतो."

"कसली?"

लाटसाहेबांनी वर्तमानपत्र उचललं. मीनल माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही तरी सांगा." मी म्हटलं, "मी कशाला सांगू? मी स्वतः दिराकडे जात नाही." तिनं मला मनातल्या मनात काय म्हटलं असेल, ते चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. ती रडायला लागली आणि लाटसाहेबांना मुलीचं रडणं कधीच बघवायचं नाही. "ठीक आहे," ते म्हणाले. "येऊ दे त्यांना. चहाला येऊ दे."

रविवारी मला निरोप आला, की जरीकाठी साडी नेसून या. गेले, तर लाटसाहेब कोट घालून तयार. मला कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "राजभवनात भेटीच्या वेळी सचिव हजर असतो. आज तुम्ही. बोलायचं काही नाही, फक्त ऐकायचं."

माझ्या मनात तो माणूस म्हणजे आडदांड, गुबगुबीत, टीव्हीवर हात उंचावणारा. दारात आला तो सदऱ्यात हरवलेला एक पिवळा म्हातारा. मीनल त्याला दंडाला धरून आत घेऊन आली. मुलाला त्यानं खालीच थांबवलं होतं. त्यानं वाकून नमस्कार केला. लाटसाहेब खुर्चीतून उठले नाहीत. हातानंच समोरची खुर्ची दाखवली. वनितानं ट्रे आणून ठेवला. दोन कप, वाफाळलेले. मीनल आत वनिताजवळ जाऊन उभी राहिली.

बोलणं हिंदीत झालं. त्यानं इकडचं तिकडचं काही काढलं नाही, एवढं त्याच्याबद्दल चांगलं सांगते.

"हेलिकॉप्टर नादुरुस्त नव्हतं," तो म्हणाला. "मीच नाही म्हटलं होतं. तुम्ही माझं विधेयक परत पाठवलंत, मी चिडलो होतो. वाटलं, बाईंना साधी चक्कर आली असेल. राजभवनाला थोडं कळू दे, हेलिकॉप्टर कुणाचं आहे. मला माफ करा."

लाटसाहेबांचा हात खुर्चीच्या हातावर होता. तो हलला नाही. चहावरची वाफ विरळ झाली. मी वनिताकडे बघितलं, वनितानं माझ्याकडे. तो माणूस कपाकडे बघत होता. घसा कोरडा पडला असणार, सारखा ओठांवरून जीभ फिरवत होता. पण कपाला हात लावला नाही. इतक्या वर्षांनी त्याला रिवाज आठवला होता.

"एक विचारतो," लाटसाहेब म्हणाले. "तुम्ही आमच्या डोक्यावरून गेलात. घाटात खाली गाडी दिसली का?"

आत भांडं घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला. नाही म्हणाला असता तर कोण खोटं ठरवणार होतं? कुठला कोण तो पायलट, की घाटातली झाडं? पण मरायला टेकलेल्या माणसाला बहुतेक खोटं बोलायचा कंटाळा येत असावा.

"दिसली," तो म्हणाला. "झेंड्याची गाडी होती. ओळखू आली. पायलटनं विचारलं होतं, खाली मैदान आहे, उतरवू का. सभेला उशीर झाला होता."

स्वयंपाकघराच्या दारात मीनल उभी होती. तिचा चेहरा मी बघितला आणि पुन्हा बघवला नाही.

त्या माणसानं हात जोडले आणि अगदी हळू म्हणाला, "राज्यपालजी, आप लीजिए, तो मैं लूँ."

त्याला चहा नको होता, हे त्या खोलीत सगळ्यांना समजत होतं. लाटसाहेबांनी एकदा कपाकडे बघितलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे. मग काठी टेकवली आणि उठून उभे राहिले. राज्यपाल उभे राहिले, की भेट संपते. समोरच्यानं उठावंच लागतं. तो धडपडत, टेबलाला धरून उठला. येताना मीनलनं त्याला दंडाला धरून आणलं होतं. जाताना ती जागची हलली नाही. दार मी उघडलं. लिफ्टचं बटणही मीच दाबलं. मला दया आली का, असं मीनलनं मागाहून विचारलं. नाही आली. आली असती तर बरं दिसलं असतं, पण नाही आली.

परत आले, तर टेबलावर दोन्ही कप तसेच. वनिता म्हणाली, "सायेब, च्या पार पानी झाला. दुसरा ठेवू?" लाटसाहेबांनी मान हलवली. मीनल त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यानंतर तिनं 'सोडून द्या' हे शब्द कधी उच्चारले नाहीत.

तो माणूस पावसाळा संपता संपता गेला. मला वनितानं खाली येऊन सांगितलं, "ताय, तो तिकरचा म्हतारा गेला. सायेब बोलावतंत." मी वर पोचले तेव्हा लाटसाहेब फोनवर होते. त्या राज्यातल्या कुठल्याशा चॅनेलचा फोन होता, माजी राज्यपालांनी श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलावेत म्हणून. लाटसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"बातमी नक्की आहे ना?" त्यांनी विचारलं. पलीकडून होकार आला असावा. त्यांनी फोन खाली ठेवला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी माझ्या मुलीकडे पुण्याला जायला निघाले. महिनाभर राहून परत येणार होते. मी परतण्याआधीच लाटसाहेब झोपेत वारले, त्यामुळे निघताना वर जाऊन आले तेवढंच त्यांचं शेवटचं दर्शन. दार उघडंच होतं. ते बंद गळ्याचा कोट घालून आपल्या खुर्चीत बसले होते. टेबलावर दोन कप वाफाळत होते. समोरची खुर्ची रिकामी. मला वाटलं, एक माझा आहे. मी बसायला पुढे झाले, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. सचिवाची. मी मुकाट्यानं जाऊन बसले.

"वनिता," त्यांनी हाक मारली, "साखर आण."

वनिता डबा घेऊन आली आणि बघतच राहिली. "कवरी घालू सायेब?"

"दोन चमचे. आणि वर गुळाचा खडा."

तिनं फक्त त्यांच्या कपात घातली. त्यांनी सावकाश ढवळलं, चमचा बशीत ठेवला. मग कप उचलला, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे एकवार नीट बघितलं आणि म्हणाले, "लीजिए."